विस्कॉन्सिनची हरिणे आणि रानातला जागता डोळा

प्रत्येक प्रांताचा म्हणून एक काळ असतो, आणि त्या काळात तेथे जाणाऱ्या परक्या माणसास तो प्रांत जितका उघडा दिसतो तितका एरवी कधी दिसत नाही. कोकण पाहावयाचे तर गणपतींत किंवा शिमग्यात, पंढरपूर पाहावयाचे तर आषाढीस. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी विस्कॉन्सिन ह्या राज्याचा असा काळ म्हणजे नोव्हेंबरअखेरचे नऊ दिवस. थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. त्याच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरिण मारण्याचा हंगाम उघडतो आणि सणानंतरच्या रविवारी तो मिटतो. त्या पहिल्या शनिवारी उजाडण्यापूर्वीच खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर मोटारींचे दिवे दिसू लागतात, आणि प्रत्येक मोटारीत भडक नारिंगी कपडे चढविलेली माणसे असतात. त्यांत बाप असतो, मुलगे असतात, सुना-नाती असतात, आणि ऐंशीच्या घरातले आजोबाही असतात. राज्याची वस्ती साठ लाखांच्या आतबाहेर. त्यांतील साडेपाच लाखांच्या आसपास माणसे ह्या हंगामाचा परवाना काढतात. म्हणजे दर दहा-अकरा माणसांमागे एक शिकारी पडतो. त्या आठवड्यात कोणी लग्नसमारंभ ठरवू लागला तर त्याच्या घरचीच माणसे नाके मुरडतात, असे आम्हांस तेथे हसत हसत सांगण्यात आले.

आम्ही पिढीजात शाकाहारी घरात वाढलेले. शिकार म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या दिवाणखान्यातील भुसा भरलेली मुंडकी येतात, आणि मन त्या विषयापासून चार पावले मागे सरते. तथापि मॅडिसन ह्या राजधानीच्या शहरी भाच्याकडे आमचा मुक्काम असताना त्याच्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाने आम्हांस आग्रहाने बोलाविले, व ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा आणि हंगामाच्या तोंडावर पुन्हा एकदा असे आम्ही त्यांच्या घरी राहिलो. यजमानीणबाईंनी आमच्यासाठी मका, तांबडा भोपळा व बटाटे ह्यांचा स्वयंपाक निराळ्या भांड्यांत केला, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. त्या दोन मुक्कामांत ज्या वस्तूने आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावले, ती बंदूक नव्हे. झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने आवळून बांधलेली, विटेपेक्षा लहान अशी एक पेटी ती होय. तिला तेथे ट्रेल कॅमेरा म्हणतात. आपण तिला वाटेवरचा कॅमेरा म्हणू.

प्रथम त्या मुलखाविषयी दोन शब्द. मॅडिसनच्या वायव्येस सुमारे चाळीस मैलांवर बाराबू हे गाव आहे. उत्तर अमेरिकेचा फार मोठा भाग हिमयुगात बर्फाच्या थरांखाली रगडला जाऊन सपाट झाला. पण विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येकडचा टापू त्या रगाड्यातून सुटला. बाराबूच्या टेकड्या ह्या सुटलेल्या टापूच्या कडेला आहेत. जवळच डेव्हिल्स लेक नावाचा तलाव असून त्याच्या काठावर गुलाबी-जांभळट गारेच्या दगडाचे पाचशे फूट उंचीचे कडे उभे आहेत. त्यांच्या पायथ्याशी उभे राहिले असता आमच्या सह्याद्रीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. टेकड्यांच्या माथ्यावर ओक व हिकरीची झाडी, उतारावर गवत, आणि खालच्या दऱ्यांत मका व सोयाबीन ह्यांची शेते. उत्तरेच्या बाजूने विस्कॉन्सिन नदी वाहते. नोव्हेंबरात तिच्या वाळूच्या पट्ट्यांवर करड्या रंगाचे क्रौंच पक्षी दक्षिणेस निघण्यापूर्वी हजारोंनी जमतात, व संध्याकाळी त्यांचा कलकलाट मैलभर ऐकू येतो. रान आणि शेत ह्यांची शीव जेथे जेथे भिडते, तेथे तेथे हरिणाचा संचार असतो, आणि ह्या मुलखात अशा शिवेवाचून दुसरे काही नाहीच म्हटले तरी चालेल.

हे हरिण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरिण. आपल्या चितळाहून ते अंगाने थोराड, पण सांबराहून बरेच लहान असते. उन्हाळ्यात त्याचा रंग तांबूस, हिवाळ्यात राखी. पाडसाच्या अंगावर चितळासारखे पांढरे ठिपके असतात, ते शरदापर्यंत नाहीसे होतात. भय वाटले की हे जनावर शेपूट ताठ उभी करते व तिची खालची पांढरीशुभ्र बाजू निशाणासारखी फडकवीत झाडीत दिसेनासे होते. त्यावरूनच त्यास नाव पडले. काळवीट किंवा चिंकारा ह्यांची शिंगे जन्मभर टिकतात; ह्याची शिंगे मात्र चितळ-सांबरांप्रमाणे गळतात आणि पुन्हा उगवतात. हिवाळ्यात ती गळून पडतात. वसंतात मखमलीसारख्या कातडीखाली नवी शिंगे फुटतात व उन्हाळाभर इतक्या झपाट्याने वाढतात की प्राणिसृष्टीत इतकी वेगाने वाढणारी दुसरी हाडे क्वचितच सापडतील. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी ती मखमल वाळून फाटते, आणि नर ती झुडपांवर घासून टाकतो.

उन्हाळ्यात हे नर तिघे-चौघे मिळून सलोख्याने चरतात. शिंगे साफ झाली की सलोखा संपतो. प्रत्येक जण आपली वाट धरतो. कोवळ्या झाडांची साल शिंगांनी खरवडून ठेवतो. एखाद्या लोंबत्या फांदीखालची जमीन खुरांनी उकरून तेथे आपला वास सोडतो, आणि ती फांदीही तोंडाने, कपाळाने घासून ठेवतो. मागून येणारे प्रत्येक हरिण तो वास हुंगते व आपला वास त्यात मिसळते. गावच्या चावडीवर येणाऱ्या-जाणाऱ्याने चार शब्द टाकून जावे, तसला हा प्रकार. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नर ऐन माजावर येतात. एरवी अंधार पडल्यावाचून झाडीबाहेर न पडणारा पोक्त नर त्या दिवसांत माद्यांच्या मागे भर दुपारी उघड्यावरून धावत सुटतो. त्याची सावधगिरी वर्षातून एकदाच सुटते, आणि शिकाऱ्यास संधी मिळते ती तेव्हाच. गर्भाचा काळ सुमारे दोनशे दिवसांचा. म्हणून पाडसे मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये, गवत गुडघाभर झाल्यावर जन्मतात.

आता त्या पेटीकडे वळू. तिच्या तोंडावर भिंगाखेरीज एक लहानसा गोल पडदा असतो. त्यामागील यंत्र समोरच्या उष्णतेतील फरक ओळखते. झाडे, दगड, जमीन ह्यांच्यापुढून त्यांच्याहून उष्ण असे शरीर हलले की क्षणार्धात छायाचित्र निघते. रात्री उजेड लागतो, तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. काही पेट्यांत हे किरण ८५० नॅनोमीटरचे असतात व नीट पाहिल्यास अंधुक लाल ठिपके दिसतात. काहींत ९४० नॅनोमीटरचे असतात, ते मुळीच दिसत नाहीत. चित्राच्या खालच्या कडेवर तारीख, वेळ, हवेची उष्णता, इतकेच नव्हे तर चंद्राची कलाही छापून येते. तिथी पाहून मग चित्र पाहणाऱ्या आमच्यासारख्यांस त्याची मोठी मौज वाटली.

पेटी बांधण्याचे शास्त्र यजमानांनी आम्हांस प्रत्यक्ष चालत नेऊन दाखविले. वय सत्तरीच्या पुढचे, पण चढावर आम्हीच मागे पडत होतो. ते दुपारीच निघाले, कारण त्या वेळी हरिणे दाट झाडीत बसून रवंथ करीत असतात. पायांत रबरी बूट घातले, कारण चामड्याच्या बुटाला माणसाचा वास धरतो व तो वाटेवर राहतो. वारा कोणत्या अंगाने वाहतो हे पाहून त्यांनी वळसा घेतला. पेटी कमरेइतक्या उंचीवर बांधावी. तिचे तोंड शक्य तर उत्तरेस करावे, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात शिरत नाही. पुढचे गवत व हलणाऱ्या डहाळ्या छाटून टाकाव्या, नाहीतर वाऱ्यावर डुलणाऱ्या पानांचीच हजार चित्रे मिळतात. ती वाटेशी काटकोनात न लावता तिरकी लावावी, म्हणजे चालते जनावर चित्रातून निसटत नाही. थंडीत साधे विद्युत्‌घट लवकर मरतात, म्हणून लिथियमचे घालावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे पुन्हा पुन्हा जाऊ नये. पोक्त नरास आपल्या रानात माणूस वरचेवर येतो असा संशय आला की तो दिवसाउजेडी बाहेर पडणे सोडून देतो. त्या भागात हरिणांच्या रोगामुळे मका वगैरेंचे आमिष टाकण्यास कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पेटी कोठे लावावी हे जनावराच्या मूळ स्वभावावरूनच ताडावे लागते. ओढ्याचा उतार, कुंपणाच्या तारेतील फट, उकरलेल्या जमिनीवरची लोंबती फांदी, ही त्यांची ठिकाणे.

रात्री जेवणानंतर सारे कुटुंब त्या चित्रांभोवती बसले. हजारांवर चित्रे! त्यांत बहुतेक माद्या व पाडसे, दोन-चार रॅकून, रानटी टर्की पक्ष्यांची पलटण, शेजाऱ्याचे भटके कुत्रे, आणि एका चित्रात खुद्द यजमानांची पाठ. नर निघाला की सगळे पुढे सरसावत. शिंगांना टोके किती हे लहान नातवंडे मोजीत. यजमान मात्र शिंगांकडे न पाहता अंगाकडे पाहात. मान सडपातळ, पाय लांब वाटतात, पोट वर ओढलेले, तो दीड वर्षाचा पोर. मान छातीत मिसळलेली, पाठ किंचित वाकलेली, पोट खाली आलेले, तो पाचाच्या पुढचा. कोवळ्यास मारावयाचे नाही, असा त्या घरचा दंडक. पूर्वी झाडीत क्षणभर दिसलेल्या नराचे वय ओळखता येत नसे व शिंगे दिसली की बार उडे; आता चित्रे पाहून पाहून नातवंडांसही वय कळू लागले, व मारण्यापेक्षा सोडून देण्याची संख्या वाढली, असे यजमान म्हणाले. ह्या पेटीचे हे पुण्य तिच्या पदरी घातलेच पाहिजे. त्या चित्रांत डावा कान फाटलेला एक पोक्त नर वारंवार येई. जुलैतील मखमली शिंगांपासून ऑक्टोबरातील खरवडलेल्या खोडापर्यंत त्याचे सारे वर्ष त्या घराने पाहिले होते. नातवंडांनी त्यास नावही ठेवले होते. ज्यास नाव ठेविले त्यास मारणार कसे, असे आम्ही विचारले. धाकट्या नातीने उत्तर दिले की, नाव ठेवले म्हणूनच तो उगाच कोणी मारलेला तिला चालणार नाही. ह्या उत्तरातील अर्थ आम्हांस त्या रात्री पुरता उमगला नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रानातील जनावराने आपले चित्र आपणच काढावे ही युक्ती मुळात एका शिकाऱ्याची आहे. जॉर्ज शायरस नावाचे पेनसिल्व्हेनियातील वकील व काही काळ तेथील लोकप्रतिनिधी, मिशिगनच्या उत्तर भागातील व्हाइटफिश तलावावर लहानपणापासून हरिणे मारीत. रात्री होडीच्या पुढल्या टोकावर जाळ ठेवून, त्याकडे टक लावून पाहणाऱ्या हरिणावर बार काढावयाचा, ही ओजिब्वा लोकांची रीत त्यांनी उचलली होती. पुढे त्यांनी बंदूक ठेवून दिली व त्याच होडीत कॅमेरा बसविला. वाटेवर दोरा ताणून, जनावराच्या पायाने तो ओढला जाताच चमक होऊन चित्र निघेल अशी योजना केली. त्यांची ७४ चित्रे नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जुलै १९०६ च्या अंकात छापली गेली. आपल्या देशातही फ्रेडरिक वॉल्टर चँपियन ह्या जंगल खात्यातील अधिकाऱ्याने संयुक्त प्रांतात ह्याच युक्तीने वाघांची चित्रे काढली व १९२७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. दोघांनीही बंदुकीच्या जागी कॅमेरा धरला होता. शंभर वर्षांत चक्र असे फिरले की तोच कॅमेरा पुन्हा बंदुकीच्या सेवेस रुजू झाला.

पण म्हणून त्या लोकांस निर्दय ठरविणे अन्यायाचे होईल. १९०० च्या सुमारास बेसुमार कत्तलीमुळे व बाजारात मांस विकण्याच्या धंद्यामुळे हे हरिण त्या देशातून जवळजवळ नाहीसे होत आले होते. चोरट्या शिकारीचा राज्याराज्यांतील व्यापार १९०० सालच्या लेसी कायद्याने बंद झाला. आणि १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे ह्यांवरील कराचे उत्पन्न वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे लावले. आज त्या देशात ही हरिणे तीन कोटींच्या घरात असावीत असा अंदाज आहे; एकट्या विस्कॉन्सिनमध्ये पंधरा लाखांहून अधिक. दक्षिणेकडील शेतीच्या मुलखात त्यांस आवरणारे लांडगे जवळजवळ उरलेले नाहीत. पिके तुडविली जातात, रात्री मोटारींवर हरिणे आदळून माणसे दगावतात, आणि रानातील कोवळी झाडे वाढू म्हणत नाहीत. त्यात २००२ साली विस्कॉन्सिनमध्ये हरिणांना झिजवून मारणारा एक असाध्य रोग आढळला. बिघडलेल्या प्रथिनांमुळे तो होतो, व हरिणे दाटीने राहिली की पसरतो. शिकारी मारलेल्या हरिणाच्या तपासणीचे नमुने सरकारी खात्यास देतात. मांस घरच्या शीतपेटीत वर्षभर पुरते, व अधिक झाल्यास गरिबांच्या अन्नछत्रास दान केले जाते.

हरिणांची संख्या आवरणे हेही कर्तव्य आहे, हे ज्यांनी लोकांस बोलून दाखविले ते आल्डो लिओपोल्ड ह्याच बाराबूजवळचे. विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव-व्यवस्थापनाचे अध्यापक असलेल्या ह्या गृहस्थांनी १९३५ साली नदीकाठची एक झिजलेली शेतजमीन घेतली, तेथील कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी केली, आणि मुलाबाळांसह हजारो पाइन वृक्ष लावले. ती झोपडी आजही जतन केलेली आहे. आम्ही ती पाहून आलो. १९४३ साली माद्यांच्याही शिकारीस मोकळीक देण्याचा पुरस्कार केल्याबद्दल त्यांस लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. १९४८ साली शेजाऱ्याच्या गवतास लागलेली आग विझविताना त्यांचा अंत झाला, व त्यांचे ‘अ सँड काउंटी अल्मॅनॅक’ हे पुस्तक दुसऱ्या वर्षी निघाले. ते स्वतः शिकारी होते. तरीही यांत्रिक साधनांचा बडेजाव शिकारीतील माणुसकी खाऊन टाकतो, अशी टीका त्यांनी त्यात केली आहे. त्यांचा दुसरा विचार तर नीतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात शोभावा असा आहे. इतर खेळांत वाहवा किंवा छी-थू करावयास प्रेक्षक असतात. शिकारी मात्र रानात एकटा असतो, आणि तेथे त्याच्या कृत्यास त्याच्या मनाखेरीज दुसरा साक्षी नसतो.

त्या घरात ह्याच साक्षीचा प्रश्न उपस्थित झाला होता. यजमानांच्या पेट्या जुन्या पद्धतीच्या. दर पंधरा-वीस दिवसांनी जाऊन त्यांतील स्मरणपत्ती काढून आणावयाची. थोरला मुलगा मिल्वॉकीस नोकरीला. त्याने यंदा ओढ्याच्या उतारावर नव्या तऱ्हेची पेटी लावली होती. ती चित्र निघताच मोबाइलच्या जाळ्यातून थेट त्याच्या फोनवर पाठविते. मुलाचे म्हणणे असे की, आम्ही आठवड्यातून दीड दिवस येणारी माणसे. रानात न जाता रान कळते, जनावरास त्रास कमी होतो, त्यात वाईट काय? वडिलांचे म्हणणे असे की, रानाला विचारावयाचे ते पायांनी चालत जाऊन विचारावे. दोन्ही बाजूंस वजन होते. शेवटी यजमानीणबाई हात पुसत म्हणाल्या, ‘कार्डातले हरिण कालचे असते आणि फोनातले हरिण आत्ताचे असते. कालच्या हरिणावरून तुम्ही अंदाज बांधता. आत्ताच्या हरिणावर तुम्ही चालून जाता.’ ह्यावर कोणी बोलले नाही. हंगामाचे नऊ दिवस फोनावरून आलेल्या खबरीवर कोणी बसण्याची जागा बदलावयाची नाही, असा घरचा ठराव झाला.

आम्हांस मागाहून कळले की हा वाद त्या स्वयंपाकघरापुरता नाही. थिओडोर रूझवेल्ट व जॉर्ज बर्ड ग्रिनेल ह्यांनी १८८७ साली स्थापिलेली बून अँड क्रॉकेट क्लब ही संस्था शिकाऱ्यांचे विक्रम नोंदविते. जनावरास निसटून जाण्याची खरीखुरी संधी असलीच पाहिजे, हे तिचे सूत्र. त्या क्षणीची चित्रे धाडणाऱ्या कॅमेऱ्याच्या मदतीने साधलेली शिकार ती विक्रमात धरीत नाही. ॲरिझोना राज्याने तर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी वाटेवरचे कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली. तेथला मुलूख वाळवंटी. पाणवठे थोडे, आणि एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची दाटी होऊ लागली होती. नेव्हाडा व युटा ह्या राज्यांनीही वर्षातील काही महिन्यांपुरते निर्बंध घातले. विस्कॉन्सिनमध्ये अशी सरसकट बंदी नाही. तेथे निर्णय ज्याच्या त्याच्या घरावर सोपविलेला आहे.

हंगामाच्या आदल्या शुक्रवारी रात्री आम्ही त्या घरी होतो. जेवणे चालू असता मुलाचा फोन गुरगुरला. ओढ्याच्या उतारावर, नुकत्याच पडलेल्या हिमावर, फाटक्या कानाचा तो नर उभा! कोणाची बसण्याची जागा कोठे हे गुरुवारीच ठरलेले. मुलाची जागा टेकडीच्या माथ्यावर, ओढ्यापासून पाऊण मैल दूर. त्याने फोन पाहिला, वडिलांकडे पाहिले, आणि फोन उलटा करून ठेविला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो माथ्यावरच्या मचाणावर गेला. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून बार काढण्याची मुभा असते. दिवसभरात त्याच्यापुढून एक कोवळा नर गेला, तो त्याने सोडला. यजमानांनी एक मादी मारली व घरची बेगमी केली. पुढील नऊ दिवसांत फाटका कान कोणास दिसला नाही. हंगाम संपल्यावर ओढ्यावरील जुन्या पेटीतील पत्ती काढली, तेव्हा तिच्यात शनिवारी सकाळी ७ वाजून १० मिनिटांचे चित्र निघाले. स्वच्छ उजेडात तोच नर उतारावरून पाणी ओलांडून चालला होता. जागा बदलली असती तर तो मुलाच्या हाती आला असता. हे आम्हांस भाच्याकडून कळले. मुलाने ते चित्र छापून घेऊन माजघरात लावले आहे, असेही कळले. भिंतीवर मुंडके लावण्याऐवजी, शब्द पाळल्यामुळे निसटलेल्या जनावराचे चित्र लावणारा तो शिकारी आमच्या मनातून जाईना.

हे सारे परक्या मुलखातले, आम्हां शाकाहाऱ्यांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु तोच जागता डोळा आज आपल्या दाराशीही आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली. नव्वदीच्या दशकात उल्लास कारंत ह्यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेऱ्याने वाघ मोजण्याची पद्धत रूढ केली, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. २०१८ सालच्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले व साडेतीन कोटींच्या जवळपास चित्रे निघाली. ताडोबा व मेळघाट ही त्याच मोजणीतील आपली राने. पूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरे मोजण्याची जी रीत पडली, तीतील जागरण आता ही पेटी करते. मात्र त्याच २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात माणसे मारल्याचा आरोप असलेल्या वाघिणीचा माग काढण्यासाठीही हेच कॅमेरे लावले गेले, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मारली गेली. तिला मारणे योग्य की अयोग्य ह्यावर महाराष्ट्रात किती वाद माजला हे वाचकांच्या स्मरणात असेलच. डोळा तोच, त्याने मोजावयाचे की मारावयाचे, हे त्यास ठाऊक नसते.

आपल्या पूर्वजांस कॅमेरा ठाऊक नव्हता, पण हा प्रश्न ठाऊक होता. दशरथाने केवळ आवाजावरून बाण सोडला. त्याचे ज्ञान अपुरे होते, आणि त्यात श्रावण गेला. पंडूची गोष्ट ह्याच्या उलट. त्यास सारे स्पष्ट दिसत होते. समोर हरिणांचे जोडपे मीलनात रमलेले होते. मृगरूपातील किंदम ऋषीने त्यास शाप देताना असा दोष दिला नाही की तू हरिण मारलेस. त्याचा दोष एवढाच की तू थांबला नाहीस. पहिल्याची चूक न दिसण्यातली, दुसऱ्याची चूक दिसूनही न थांबण्यातली. नोव्हेंबरात माजावर आलेल्या नराच्या वाटेवर जो फोन हाती घेऊन बसतो, त्याची कसोटी दुसऱ्या प्रकारची आहे.

ह्या युगात दिसण्याची उणीव कोणासच राहिलेली नाही. आमच्या घरांच्या दारांवर, सोसायट्यांच्या जिन्यांत, मुलांच्या हातांत तोच न मिटणारा डोळा येऊन बसला आहे, आणि त्याने दाखविलेल्या प्रत्येक गोष्टीवर तत्काळ चालून जाण्याचा मोह आपणांसही होतो. यंत्र आपणांस अधिकाधिक दाखवीत जाणार, हे आता थांबत नाही. दाखविलेले सारे वापरावयाचे नाही, हा नेम मात्र यंत्रात कोणी बसवून देत नाही. तो घरातच, जेवणाच्या पंगतीस, वडीलधाऱ्यांच्या व लहानांच्या देखत ठरवावा लागतो. नाव ठेवलेला नर उगाच कोणी मारलेला चालणार नाही असे म्हणणाऱ्या त्या मुलीस हे आमच्याआधी कळले होते.